गच्चीवर कुणी जायचं नाही

शिवकांताला त्या दिवशी सकाळपासून दोनच काळज्या होत्या. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, बुडाला लागू नये आणि सासरे रुसू नयेत. त्यातलं हुग्गीचं तेवढं तिच्या हातात होतं.

तीस सप्टेंबर हा कोऱ्यांच्या घरातला वर्षातला अवघड दिवस. यंदा भूकंपाला पंचवीस वर्षं झाली. तेरणाकाठच्या गावातलं त्यांचं मातीच्या छताचं, माळवदाचं घर त्या पहाटे खाली बसलं, आणि त्याखाली अप्पांची बायको गंगव्वा आणि सोळा वर्षांची धाकटी लेक गेली. अप्पा, म्हणजे शिवकांताचे सासरे गुरुपादप्पा, दोन्ही मुलांना घेऊन शेजारच्या गावी गणपतीच्या विसर्जनाला गेले होते म्हणून तिघं वाचले. शिवकांता तेव्हा दोन वर्षांच्या लेकीला, सुकन्याला, घेऊन रेणापूरला माहेरी होती. तेव्हापासून या तारखेला घरातल्या कुणीही छताखाली जेवायचं नाही, असा नेम पडला. रांधायचं आत, जेवायचं अंगणात. एका वर्षी ऐन जेवणात पाऊस आला तेव्हा सगळे ताटावर हात धरून जेवले होते, पण उठलं कुणी नव्हतं.

दुसरा नेम बारा महिन्यांचा. गच्चीवर कुणी जायचं नाही. लातुरातलं हे घर अप्पांनी शहाण्णव साली स्वतः उभं राहून बांधून घेतलं. जिना केला, पण जिन्याच्या दाराला कुलूप. कुलूप मागाहून आलं होतं, नेमकं कधी ते कुणाला आठवत नव्हतं. किल्ली अप्पांच्या करगोट्याला. शेजारणींचे पापड गच्चीवर वाळत आणि शिवकांताचे अंगणातल्या बाजेवर, कोंबड्या हाकलत हाकलत. पाण्याची टाकीसुद्धा छतावर नाही, अंगणात वेगळ्या लोखंडी घोड्यावर. अप्पा स्वतः घरात झोपत नसत, अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपत. भूकंप पाहिलेल्या माणसाला डोक्यावर वजन नको वाटतं, हे सगळ्यांना समजत होतं. इतकं समजत होतं की कुणी कधी विचारलंच नाही.

विचारलं ते सुकन्यानं, आणि तिला विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ही सत्तावीस वर्षांची पोरगी पुण्यात सोलरच्या कंपनीत चार वर्षं नोकरी करून मार्चमध्ये परत आली, ती लातुरात छपरांवर सोलर बसवायचा धंदा काढायचा म्हणून. तिचं म्हणणं साधं होतं. उन्हाळा आता फेब्रुवारीतच येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. पाऊस मनाला येईल तेव्हा येतो. दोन वर्षांपूर्वी या शहराला रेल्वेनं पाणी प्यावं लागलं. हे सगळं बिघडलंय ते लातूरकरांनी बिघडवलेलं नाही, पण सोसायचं त्यांनाच आहे. मग ज्या उन्हानं छळलं त्यालाच कामाला लावायचं. आणि लातुरात छपरांना काय तोटा? डॉक्टर व्हायला आलेली पोरं गल्लोगल्ली भरली होती. त्यांची हॉस्टेलं, हॉस्टेलांत पंखे, कूलर, गिझर, आणि लाईट गेली की दारात धडधडणारं डिझेलचं जनरेटर, त्याचा धूर खिडकीतून थेट जीवशास्त्राच्या वहीवर.

भागीदार तिला वाजिदभाई मिळाला. गंजगोलाईच्या मागं त्याचं कूलर बनवायचं वर्कशॉप. त्याच्या वडिलांनी भूकंपानंतर गावोगाव पत्र्याचे शेड ठोकून दिले होते, त्यातला एक कोऱ्यांचाही होता. त्याची बायको रजिया म्हणायची की इतकी वर्षं हा माणूस उन्हापासून पळायच्या वस्तू बनवत होता, आता उन्हाच्या मागं पळायला लागला.

सगळं होतं, पहिलं काम तेवढं नव्हतं. ते नरसिंगराव सरांकडं होतं. चाकूरचे निवृत्त गणिताचे मास्तर, आता औसा रोडला मुलींची तीन हॉस्टेलं. त्यांनी सुकन्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मास्तरी पद्धतीनं एकच प्रश्न विचारला, तुमच्या स्वतःच्या घरावर बसवलंय का? सुकन्या बोलून गेली, हो, बसतंय. मग रविवारी येतो बघायला, सर म्हणाले. बघून पटलं तर नवरात्रात सही करू, आत्ता पितृपक्ष चालू आहे. नाही पटलं तर सोमवारी हैदराबादच्या कंपनीला होकार कळवायचा. आणि तो रविवार आजचा निघाला.

इकडं पुण्याच्या कंपनीनं तिची जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवली होती. पहिलं काम मिळालं नाही तर बॅग भरायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सुकन्यानं अप्पांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अप्पा न्हाई म्हणाले आणि उठून गेले. शिवकांताला वाटायचं, सासऱ्यांना दुःख द्यायचं का लेकीला परत पाठवायचं, यात आईनं काय निवडावं. तिनं हुग्गीत वेलदोडा टाकला आणि झाकण ठेवलं.

*

सिद्धेश्वर, म्हणजे शिवकांताचा नवरा मल्लिकार्जुन याचा धाकटा भाऊ, नांदेडहून गाडी चालवत आला तो पुतणीला वळणावर आणायचं ठरवूनच. नांदेडात त्याचं मोटारपंप, कूलर आणि इन्व्हर्टरचं दुकान होतं, त्यामुळं विजेतलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. सुकन्यानं वीज कंपनीची परीक्षा द्यावी, सरकारी खुर्चीत पंख्याखाली बसावं, लग्नाला बरं पडतं, असं तो अंगणात चहा पिता पिता सांगत होता. अप्पा मठात गेलेले. त्यामुळं सगळे जरा मोकळे बोलत होते.

सुकन्यानं वाद घातला नाही. तिनं काकापुढं एक कागद ठेवला. नांदेडातल्या लॉजांची आणि क्लासेसची ती यादी होती, कुणाच्या छतावर किती जागा आहे त्याच्या अंदाजासकट. सिद्धेश्वरनं चष्मा लावला. हा लॉजवाला तर आपलंच गिऱ्हाईक, तो म्हणाला. मग दुसरं नाव वाचलं. मग चहा गार झाला. वीस मिनिटांनी तो वहिनीला सांगत होता की परीक्षा काय, दर वर्षी येते, पण नांदेडची एजन्सी आधी आपल्याला पाहिजे, इस्लापूर-किनवटपर्यंतची.

शिवकांता म्हणाली, "भावजी, तुम्ही समजवायला आलता का समजून घ्यायला?"

तो हसला. वहिनीपुढं हरायला त्याला कधीच वाईट वाटलं नाही. आईनंतर त्याला ताट वाढलं ते वहिनीनंच.

अडून बसला होता तो मल्लिकार्जुन. क्लासेसच्या गल्लीत त्याचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. मऊ माणूस, पण एखादी गोष्ट मनात बसली की बसली. त्याच्या मनात टँकर बसला होता. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात त्यानं रात्रंदिवस टँकरच्या रांगा बघितल्या होत्या.

"टँकरवाल्यांना बघितलंय मी," तो म्हणाला. "लोकांचा घसा कोरडा पडला की त्यांची दिवाळी. लोकांच्या अडचणीवर उभा ऱ्हाणारा धंदा आपल्या घरात नको बाई."

"बाबा, टँकरवाल्याला पाऊस नको असतो," सुकन्या म्हणाली. "मला पाऊस आला तरी चालतो. दोन दिवसांनी ऊन पडतंच की. अडचण वाढावी म्हणून मी धंदा काढत नाही. जनरेटर बंद पडावं म्हणून काढतेय."

"अन् उद्या हवामान सुधारलं तर?"

"तर दुकान बंद करून पेढे वाटीन."

मल्लिकार्जुन हसला नाही. तो तिच्याकडं बघत बसला. मार्चमध्ये आली तेव्हा गोरी होती, आता सात महिने लोकांच्या छपरांवर फिरून नाक करपलेलं. पुण्यात होती तेव्हा रविवारी दहा मिनिटं फोनवर बोलायची आणि ठेवताना म्हणायची, बाबा, जेवलात का. तेवढ्यावर आठवडा काढायचा. ते पुन्हा सुरू होणार, हे त्याला त्या क्षणी खरंखुरं दिसलं, आणि त्याच्या मनातला टँकर निघून गेला. धंदा बरा का वाईट ते पुढं बघता येईल. पोरगी घरात पाहिजे.

"वाजिदभाई," तो म्हणाला, "शिडी आणलीय का?"

वाजिद दोन पॅनेल, लोखंडी चौकट आणि ड्रिल मशीन घेऊन दाराबाहेर टेम्पोत बसला होता. आशेवर. तो आत आला आणि अप्पांच्या रिकाम्या बाजेकडं बघितलं.

अप्पा मठातून बाराच्या आत येत नाहीत, मल्लिकार्जुन सांगू लागला. तोवर बसवून टाकायचं. एकदा बसलेलं बघितलं की चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत, पाचव्या दिवशी विसरतील. त्यानं जन्मात पहिल्यांदा बापाच्या माघारी काही करायचं ठरवलं होतं, त्यामुळं तो भरभर बोलत होता. सिद्धेश्वर लगेच तयार झाला. वाजिद म्हणाला की अप्पांना विचारल्याबिगर त्याचं मन होत नाही, पण सगळं घरच म्हणत असेल तर तो कोण. सुकन्या हो म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही, आणि त्याचं तिला पुढं बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

"आजच्या दिवशी?" शिवकांता एवढंच म्हणाली.

मल्लिकार्जुन शिडी आणायला टेम्पोकडं वळला. मग तीच म्हणाली, "जे करायचं ते लवकर करा," आणि आत गेली.

*

हुग्गी आळत आली होती. शिवकांतानं झाकण काढून पळी फिरवली आणि वरून ड्रिलचा आवाज यायला लागला. या घरात वरून आवाज येणं हेच नवीन होतं. तिनं छताकडं बघितलं. थोडी पांढरी भुकटी पडली. मग चुन्याचा एक पोपडा ओट्यावर पडला, आणि त्या जागेतून ड्रिलचं बीट गरगर फिरत खाली आलं. बोटभर आलं, फिरत राहिलं आणि थांबलं.

शिवकांता ओरडली नाही. तिनं आधी हुग्गीवर झाकण ठेवलं. मग दारात जाऊन लेकीला म्हणाली, "सुकन्या, हे बघ गं, माझ्या स्वैपाकघरात काय आलंय."

चार इंच भोक पाडायचं, त्यात बोल्ट ठोकायचा, चौकट आवळायची. पाच इंचांचा स्लॅब कुठल्याही घराला असतो, म्हणून वाजिदनं बिनधास्त मशीन चालवलं होतं. त्यानं वरून भोकात तार घातली, सुकन्यानं खालून बोट लावलं, आणि तार बाहेर काढून टेपवर धरली. तीन इंच, तेही प्लास्टरसकट.

वाजिदला वाटलं आपल्या हातून काहीतरी चुकलं. त्यानं पुन्हा मोजलं. सुकन्या ओट्याजवळ उभी होती. बाहेर कुणाच्याही घरी तिनं आधी स्लॅब तपासला असता, नकाशा मागितला असता, चार प्रश्न विचारले असते. आपल्या घरी तिनं काहीच विचारलं नाही. आपल्या घरी विचारायचं नसतं, हे ती लहानपणापासून शिकली होती.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. नरसिंगराव सर ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी आले होते, आणि वाटेत मठापाशी अप्पा दिसले म्हणून त्यांना गाडीत घेऊन आले होते.

सिद्धेश्वर पुढं झाला. हात जोडून शरणार्थी म्हणाला, सरांना खुर्ची दिली आणि सांगायला लागला की काम चालू आहे, जरासं प्लास्टर पडलं, जुनं घर म्हणल्यावर एवढं चालायचंच. अप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांनी शिडी बघितली. शिडीच्या वर गच्चीच्या ऐन मध्यावर मशीन हातात घेऊन उभा असलेला वाजिद बघितला. त्यांच्या पायातली एक चप्पल निघाली, ती त्यांनी घातली नाही.

"वाजिद," ते म्हणाले, "मशीन तिथंच ठेव. मधे पाय टाकू नगंस. कडेकडेनं चाल बाबा. भिंतीवरनं."

ते रागानं म्हणाले असते तर काही वाटलं नसतं. ते फार हळू म्हणाले होते. आणि मल्लिकार्जुनच्या ध्यानात आलं की अप्पांना हे आधीपासून माहीत होतं.

*

वाजिद उतरेपर्यंत अप्पा शिडीला धरून उभे राहिले. मग बाजेवर बसले. पंचवीस वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते कुठून सुरू करायचं ते त्यांना कळेना. परका माणूस समोर बसला होता, आणि उलट त्यामुळंच सोपं गेलं. घरच्यांच्या तोंडाकडं बघून त्यांना हे कधीच बोलता आलं नसतं. ते नरसिंगरावांकडं बघून बोलायला लागले.

माळवदाला दर वर्षी मिरगाच्या आधी माती टाकायची असते, त्यांनी सांगितलं. टाकली की गळत नाही. बापानं टाकली, आज्यानं टाकली, काढली कुणीच नाही. त्या वर्षी गंगव्वा म्हणाली होती की गळत नाही, मग कशाला टाकता. तरी त्यांनी दोन गाड्या पांढरी माती वर चढवली होती. जूनमध्ये. सप्टेंबरात ती माती खाली आली.

"म्या टाकलेली माती म्याच उकरली, सर," अप्पा म्हणाले. "दोघी तिच्याखालीच घावल्या."

हे मुलांनाही माहीत नव्हतं. सिद्धेश्वर खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, तो खाली जमिनीवर बसला.

मग या घराचं सांगितलं. ग्यानोबा मिस्त्री पाच इंच म्हणत होता. अप्पा तीनवर अडले. सळईसुद्धा लांब लांब टाकायला लावली, लोखंडाला वजन असतं म्हणून. मिस्त्री भांडला, दोन दिवस कामावर आला नाही, शेवटी मालक म्हणेल तसं करून गेला. हलकं छत घातलं तर त्याखाली कुणी मरणार नाही, एवढंच तेव्हा अप्पांच्या डोक्यात होतं. पुढं दोन हजार एक साली गुजरातेत भूकंप झाला. त्या वर्षी लातुरात इंजिनिअर लोकांनी एक सभा घेतली, घर कसं बांधावं ते सांगायला. अप्पा आपणहून गेले, पुढच्या रांगेत बसले. पातळ, कमी सळईचा स्लॅब वजनानं किंवा हादऱ्यानं मधोमध खचतो, हे तिथं त्यांना कळलं. येताना बाजारातून कुलूप घेऊन आले.

"मग सांगायचं नाही का अप्पा?" मल्लिकार्जुन म्हणाला. "आमची लेकरं झोपली की ह्याच्याखाली."

"कसं सांगू? एकदा मारलं, अन् पुन्हा तीच तयारी करून ठेवली, असं सांगू?" अप्पा पहिल्यांदा मुलाकडं वळले. "तुम्ही पोरांना दटावायचा, गच्चीवर जाऊ नका, अप्पांना आजीची आठवण येते. म्या चूक केली, अन् तुम्ही तिला दुःख समजून जपत बसलात. मला लई लाज वाटायची. पण तुमचं ते जपणं मोडवतबी नव्हतं."

शिवकांतानं विचारलं, मग तुम्ही एकटे बाहेर का झोपायचात.

"कुणीतरी बाहेर पायजे ना. काय वाजलं तर हाका मारायला."

त्यांची झोप सावध होती हे सगळ्यांना माहीत होतं, म्हातारपणामुळं असेल असं वाटायचं. आणि रोज दुपारी सगळे आपापल्या कामात असले की ते घरात येऊन काठीनं छताला खालून ठोकत, खोलीखोलीतून, तेही शिवकांता वर्षानुवर्षं ऐकत आली होती. अप्पा पाली हाकलतात, असं ती शेजारणींना सांगायची. ते आवाज ऐकत होते. पोकळ वाजतंय का, कालच्यापेक्षा बदललंय का.

शिवकांता सासऱ्यापुढं कधी बसायची नाही. ती त्यांच्या पायांशी बसली, निघालेली चप्पल उचलून त्यांच्या पायापाशी ठेवली, आणि तिला रडू आलं. तिला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. सतरा वर्षं हा माणूस एकटाच पहाऱ्यावर होता, आणि तिनं त्यांना कधी दुपारचा जादा चहासुद्धा विचारला नव्हता.

*

सिद्धेश्वरला आधी सावरणं भाग होतं, तो व्यापारी माणूस. डोळे पुसून तो सरांना म्हणाला की ही घरातली गोष्ट झाली, तुमच्या हॉस्टेलांचा आणि ह्याचा संबंध नाही, तुमची बिल्डिंग पक्की आहे, तिथं दोन दिवसांत काम होईल. त्यानं पुतणीकडं बघून मान हलवली. नुसतं हो म्हण, एवढाच त्याचा अर्थ होता.

सुकन्याला ते एक हो किती जवळ आहे ते दिसत होतं. सर अजून बसलेले होते, उठले नव्हते. तिनं अप्पांकडं बघितलं. ते खाली मान घालून बसले होते.

"सर, आमच्या घरावर बसणार नाही," ती म्हणाली. "तुमच्याही घरावर मी स्लॅब तपासल्याशिवाय बसवणार नाही. तुम्ही मागं वरचे मजले चढवलेत. तपासून जर नाही म्हणायची वेळ आली, तर नाही म्हणीन."

सर म्हणाले, हैदराबादवाल्यांनी असलं काही विचारलं नाही. ते आठ दिवसांत बसवून देतो म्हणतात.

"मग त्यांना द्या. पण त्यांच्याकडूनही आधी तपासून घ्या. खाली पोरी झोपतात."

नरसिंगराव सर उठले. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, गणिताच्या मास्तरांचा सांगत नाहीच. अप्पांनी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आजच्या दिवशी या अंगणातून कुणी उपाशी जात नसे. सगळे उन्हात पंगतीला बसले, वाजिदसुद्धा. हुग्गीला काही झालं नव्हतं. सर जेवले, हात धुतले, अप्पांना नमस्कार केला आणि कामाचा विषय न काढता गेले.

गेलं काम, असं सिद्धेश्वर म्हणाला, पण रागावून नाही. मल्लिकार्जुननं लेकीला जवळ घेतलं. बी.एस्सी.ला पहिली आली होती तेव्हाही त्यानं असं घेतलं नव्हतं, त्याला ते जमत नसे. मग दोघे भाऊ उठले आणि घरातल्या गाद्या एकेक करून अंगणात आणायला लागले. छताखाली टेकू लागेपर्यंत आणि नवा स्लॅब पडेपर्यंत आत कुणी झोपायचं नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. अप्पा बाजेवरून बघत होते. थोड्या वेळानं ते बसल्या बसल्याच झोपी गेले, दुपारी, ऊन तोंडावर घेऊन, आणि चांगले घोरले. त्यांना कुणी उठवलं नाही.

सोमवारी सुकन्यानं पुण्याला उत्तर लिहायला घेतलं होतं तेव्हा सरांचा फोन आला. त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. मोठ्या हॉस्टेलचा वरचा मजला कुणाच्या भरवशावर चढवला ते त्यांचं त्यांनाच आठवेना. तपासायला ये, ते म्हणाले, आणि जे निघेल ते तोंडावर सांग. मग जरा थांबून म्हणाले की आजोबांना जमलं तर त्यांनाही आण.

सुकन्यानं इंजिनिअरिंग कॉलेजातून ओळखीच्या प्राध्यापकांना बोलावलं. काँक्रीटवर ठोकून त्याची ताकद सांगणारं यंत्र त्यांच्याकडं होतं. अप्पांकडं काठी होती. तीन मजले चढायला त्यांना वेळ लागला. गच्चीच्या दाराशी आल्यावर ते थांबले. बाहेर दोऱ्यांवर मुलींचे कपडे वाळत होते, पलीकडं लातूरभर टाक्या आणि क्लासेसच्या पाट्या, वर ऑक्टोबरातलं ऊन.

"न्हाई जमायचं बाई," ते म्हणाले. "सतरा वर्षं झाली, म्या कुठल्याच छतावर पाय ठेवला न्हाई."

सुकन्यानं त्यांचा हात धरला नाही. ती पुढं गेली आणि गच्चीच्या मधोमध उभी राहिली. थोड्या वेळानं अप्पांनी चप्पल काढली आणि अनवाणी बाहेर पाऊल टाकलं.

मग कुणी घाई केली नाही. प्राध्यापक यंत्र लावून आकडे सांगत होते, वाजिद ते लिहून घेत होता, आणि अप्पा वाकून काठीनं ठोकत पुढं सरकत होते, कान लावून. एका कोपऱ्यात ते थांबले, दोनदा ठोकलं आणि मान हलवली. हितं न्हाई, ते म्हणाले. प्राध्यापकांचं यंत्रही तेच म्हणालं. नरसिंगराव सरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि तो कोपरा आधी दुरुस्त करून घेतो म्हणाले.

गच्चीचा मोठा भाग राहिला होता. तिथं अप्पांना बराच वेळ लागला. शेवटी ते ताठ झाले, कमरेवर हात ठेवला आणि सरांना विचारलं, "खाली किती पोरी झोपत्यात?"

"ह्या भागात बावन्न."

अप्पांनी त्याच जागी आणखी तीनदा ठोकलं. मग ते हळूच खाली बसले, तापलेल्या स्लॅबवर मांडी घालून, सगळं वजन टाकून.

"ठेव," ते नातीला म्हणाले. "हितं ठेव."